बाग नवतप्याच्या मापाने लावा

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. नागपूरच्या मिहान औद्योगिक भागातल्या एका कंपनीत नोकरी करते, बेसा भागात स्वतःचा फ्लॅट आहे, वर गच्ची आहे. पगार चांगला, घरी सगळं ठीक. तरी दिवस संपला की काही केलं असं वाटत नाही. बागेत मन रमतं असं ऐकलं, म्हणून गेल्या वर्षी थंडीत साठ कुंड्या आणल्या. मे महिन्यात निम्म्याहून जास्त वाळल्या. यंदा पुन्हा आणल्या, आणि आता फेब्रुवारी संपत आला तशी धास्ती वाटायला लागली आहे. बाग हेही आणखी एक अर्धवट राहिलेलं काम झालं आहे. माझी आई वर्ध्याला पाच-सहा झाडांच्या अंगणात कायम समाधानी दिसायची. तिला जमलं ते मला का जमत नाही?

उत्तर :

ताई, समाधानाचं नंतर बोलू. आधी मेलेल्या कुंड्यांचा हिशेब लावू, कारण माझ्या अंदाजाने तुमच्या मनावरचं निम्मं ओझं तिथेच उतरेल.

थंडीत नर्सरीत गेलं की जे डोळ्यांत भरतं ते बहुतेक हंगामी असतं. पिटुनिया, पॅन्सी, डायन्थस, फ्लॉक्स. आपल्याकडे यांचं आयुष्य एका हिवाळ्याचं. ऑक्टोबरात बी पडतं, जानेवारीत फुलं येतात, मार्चअखेर ऊन तापलं की झाड संपतं. त्याला तुम्ही वाचवू शकला नसता आणि मीही नाही. साठांतल्या वीस-पंचवीस कुंड्या तरी अशा असणार. ती झाडं तुमच्या हातून मेली नाहीत, त्यांचं जगून झालं होतं. ज्याने विकली त्याने हे एक वाक्य सांगायला हवं होतं. मी ३१ वर्षं नागपुरात लोकांच्या बागा सांभाळतो आहे आणि दर एप्रिलमध्ये कुणीतरी मला म्हणतं, "माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत हो." तुमच्यासारखंच, खाली मान घालून. ते ऐकून मला फार वाईट वाटतं, कारण त्यातल्या बहुतेकांचं काहीच चुकलेलं नसतं.

राहिल्या पस्तीस. त्यातल्या बऱ्याच उन्हापेक्षा मातीने गेल्या असाव्यात. आपल्याकडे बांधकामाच्या पायातून निघालेली काळी माती तशीच कुंडीत भरायची पद्धत आहे. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आक्रसते. शेतात तिला भेगा पडतात, कुंडीत ती कडेपासून सुटते. मग आपण झारीभर पाणी घालतो, ते त्या फटीतून सरळ खालच्या भोकाने निघून जातं. ताटलीत पाणी दिसलं की आपल्याला वाटतं झाडाचं पोट भरलं. मधला मुळांचा गोळा मात्र कोरडा ठणठणीत. मे महिन्यात असे चार दिवस पुरतात. अशी कुंडी हाताने थोडी कलती करून बघा, पाणी घातल्यावरही ती हलकीच लागते. तिला वाचवायचं असेल तर बारीक सळईने चार-पाच ठिकाणी भोसका, कडेची फट बोटाने दाबून बुजवा आणि पाणी एकदम न घालता तीन वेळा थोडं थोडं घाला, मध्ये पाच-पाच मिनिटं जाऊ द्या. कुंडी लहान असेल तर सरळ बादलीत बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. पावसाळ्यात कुंड्या बदलाल तेव्हा एक वाटा काळी माती, एक वाटा पूर्ण कुजलेलं शेणखत, एक वाटा जाड वाळू किंवा कोकोपीट आणि वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं केलंत की हा त्रास बहुतांशी मिटतो.

अजून एक, कारण ते नागपुरात घरोघरी चालतं. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालू नका. कूलरमधून पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात, आणि आपण रोज वरून भर घालत गेलो की ते वाढत जातात. कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो तो त्याचाच. कुंडीत गेला की पानांच्या कडा करपतात आणि आपण ऊन लागलं म्हणून आणखी तेच पाणी घालतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

तुम्ही साठ कुंड्या जानेवारीत आणल्या. जानेवारीत नागपूर फार लोभस असतं. सकाळी धुकं, दुपारी अंगाला बरं वाटेल असं ऊन, बाजारात ढिगांनी सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मेथी. त्या दिवसांत माणसाला वाटतं, शंभर कुंड्यासुद्धा सांभाळू. पण बाग जानेवारीच्या उत्साहाने लावायची नसते, ती नवतप्याच्या मापाने लावायची असते. मे महिन्याच्या शेवटी, सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हाचे पहिले नऊ, कडक उन्हाचे दिवस. त्या नऊ दिवसांत, तुम्ही थकलेल्या असताना, ऑफिसात काम अंगावर आलेलं असताना, घरी कुणाला ताप असताना, रोज सकाळी जेवढ्या कुंड्यांना नीट पाणी पाजू शकाल तेवढीच तुमची बाग. त्याच्या वरची प्रत्येक कुंडी कर्जाऊ आणलेली आहे आणि तिची वसुली मे महिन्यात होते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. तसं मी महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात शिकलो. १९०६ पासूनची ती संस्था, तिथे माती, पाणी, कीड सगळं शिकवलं. माप मात्र दोन जागी शिकलो.

पहिली जागा घरची. माझे वडील काटोल तालुक्यात संत्र्याची बाग करायचे. संत्र्याला आपल्याकडे दोन बहार धरतात. आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो आणि त्याची संत्री दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतात. मृग बहार पहिल्या पावसावर फुलतो आणि फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं. मृगासाठी मे महिन्यात झाडाचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, झाड बघवत नाही, आणि मग पाऊस पडला की ते अंगभर फुलतं. आता, दोन्ही वेळा फूल येतंच आहे तर दोन्ही घ्यावं, असा मोह कुणालाही होतो. दोन वर्षं पैसाही दिसतो. मग झाड खंगतं, वाळलेल्या काड्या वाढतात, तिला सल म्हणतात, आणि सल काढता काढता माणूस थकतो. वडील एकच बहार धरायचे. दुसऱ्या बहाराची फुलं आली तर झाडाखाली उभे राहून बराच वेळ वर बघत राहायचे, मला ते अजून दिसतात. मी एकदा विचारलं, शेजारी दोन्ही घेतात, आपण का नाही? तर म्हणाले, "झाडाले पुसा लागते, बाबू." झाडाला विचारावं लागतं. त्या वेळी मला ते म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं.

दुसरी जागा म्हणजे २०१३ चा मे. त्या वर्षी नागपूरचा पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. माझ्याकडे तेव्हा बावीस बागा होत्या. सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ, धंतोली, पार त्रिमूर्तीनगरपर्यंत. नाही म्हणायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. धंदा वाढत होता, नवीन टू-व्हीलर घेतली होती, लोक नाव घेत होते. पहाटे पाचला निघायचो तरी शेवटच्या बागेत पोचायला दुपारचे दोन वाजत. माझ्यासोबत एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता, कामाला फार चांगला, तोंडातून कधी तक्रार नाही. एका दुपारी पाइप धरलेला असतानाच तो खाली बसला. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. त्याच पाइपचं पाणी त्याच्या अंगावर सोडत राहिलो आणि मिळेल त्या गाडीने दवाखान्यात नेलं. तीन दिवसांनी तो घरी आला, आज तो बरा आहे, स्वतःचं काम करतो. पण दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्या आईने मला एकच प्रश्न विचारला. रागाने नाही, साधाच.

"किती बागा हायेत जी तुमच्यापाशी?"

मला आकडा सांगता आला नाही. तोंडातून निघेचना.

त्या पावसाळ्यात मी अकरा बागा सोडल्या. प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगितलं, दुसरा माणूस बघून दिला. अकरा ठेवल्या, कारण नवतप्यात दोन माणसं सकाळी दहाच्या आत तेवढ्याच नीट करू शकतात. पहिलं वर्ष ओढाताणीचं गेलं, मुलीच्या शाळेची फी हप्त्यांनी भरली. पण एक गोष्ट झाली, ज्याची मी वाट पाहत नव्हतो. मला बागा ओळखू यायला लागल्या. बावीस होत्या तेव्हा मी पाणी घालायचो, छाटायचो, निघायचो. अकरा झाल्यावर कळायला लागलं की रामदासपेठेतला तो गुलाब दर श्रावणात एकाच फांदीवर काळे ठिपके आणतो, कारण त्या फांदीवर वळचणीचं पाणी ठिबकतं. अमुक घरच्या जास्वंदीत सूर्यपक्षी कोणत्या वेळेला येतो. कुणाच्या कडुनिंबाला पालवी आधी फुटते. रात्री घरी जाताना अंग दुखायचंच, पण डोकं रिकामं आणि शांत असायचं. ताई, तुम्ही ज्याला समाधान म्हणता त्याच्या जवळचं असं मला आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा मिळालं. बागा निम्म्या झाल्यावर.

म्हणून तुमचा हिशेब आपण करू. बारा इंची कुंडीला मे महिन्यात दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी धरा. दहा लिटरच्या एका झारीत चार कुंड्या होतात. झारी भरणं, नेणं, सावकाश ओतणं, यात तीन मिनिटं जातात; घाईने ओतलं तर वर सांगितलं तसं पाणी कडेने निघून जातं. साठ कुंड्या म्हणजे पंधरा झाऱ्या, पाऊण तास. कंपनीची गाडी आठला येत असेल, घरचा डबा, मुलं, तर तुमच्याकडे सकाळी खरोखरच किती मिनिटं आहेत? वीस असतील असं मी धरतो. वीस मिनिटांत सहा झाऱ्या आरामात. सहा चोक चोवीस. तुमची बाग चोवीस कुंड्यांची आहे, ताई. साठांची कधी नव्हतीच.

बोगनवेल, चाफा, कोरफड यांना मी अर्धी कुंडी धरतो, पाण्याला त्या सोशिक आहेत. त्यामुळे चोवीसच्या तीस होऊ शकतात, पण ओढून ताणून करू नका. उरलेल्या मार्च संपायच्या आत देऊन टाका. शेजारी, सोसायटीचा चौकीदार, ऑफिसातली मैत्रीण. मरायला टेकल्यावर देऊ नका, चांगल्या असताना द्या. घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे जरूर बघा.

कोणत्या ठेवायच्या, हे सांगताना तुमच्या आईची आठवण काढतो. तुम्ही म्हणता ती अंगणात समाधानी दिसायची. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण तशी अंगणं पुष्कळ पाहिली आहेत. त्या बाया समाधान शोधायला अंगणात जात नसत. कढीपत्ता तोडायला जात, तुळशीला पाणी घालायला, देवाला दोन फुलं आणायला, वरणाच्या फोडणीआधी घाईघाईत सांबाराच्या चार काड्या खुडायला. भांड्यांचं पहिलं पाणी केळीला, तांदळाचं धुवण गुलाबाला. बाग स्वयंपाकघराला जोडलेली होती, दिवसातून सहा वेळा पाय तिकडे वळायचेच, आणि प्रत्येक वेळी नजर फिरायची. मे महिना आला तरी त्या पाच-सहा झाडांना पाणी कमी पडत नसे, कारण ती संख्या घरच्या पाण्याने ठरवलेली होती. तुमची बाग वर गच्चीवर, आणि तिकडे जाणं बहुधा शनिवार-रविवारी. त्यात तुमचा दोष नाही, घरंच तशी आहेत. पण जोडणी परत करता येते. चोवीसपैकी दहा तरी रोजच्या उपयोगाच्या ठेवा. कढीपत्ता, तुळस, गवती चहा, पुदिना, मोठ्या ड्रममध्ये एक कागदी लिंबू, ओवा. सांबार मात्र आता लावू नका, उन्हात लगेच तुरे काढतो. ऑक्टोबरात धणे हलके रगडून, दोन फाका करून टाका, मेथीही तेव्हाच. रोज सकाळचा चहा स्वतःच्या गवती चहाचा करायचं ठरवलंत की वर जाणं आपोआप होतं.

उरलेल्या चौदांत मोगरा हवाच. नागपूरच्या उन्हावर प्रेम करणारं झाड आहे ते, जेवढं तापतं तेवढं फुलतं. तीन-चार कुंड्या ठेवा. छाटणी अजून केली नसेल तर याच आठवड्यात करा. एक तृतीयांश शेंडे कापा, जुनी पानं काढून टाका, वरची माती हलवून दोन मुठी शेणखत द्या आणि भरपूर पाणी. पाच-सहा आठवड्यांत कळ्या दिसतील. मे महिन्यात संध्याकाळी सातच्या सुमारास त्या उमलायला लागतात. दिवसभराच्या झळांनंतर गच्चीचा स्लॅब अजून पायाला चटकत असतो, त्यावर पाणी मारलेलं असतं, आणि त्या ओल्या गरम वासात मोगऱ्याचा वास मिसळतो. मी ३१ उन्हाळे हे काम केलं आहे आणि त्या वासाला अजून सरावलो नाही. माठात दोन फुलं टाका.

तुम्हाला कुणीतरी ठिबक बसवायला सांगेल. मी स्वतः बसवून देतो, आठ दिवस गावाला जायचं असेल तर त्याच्यासारखी सोय नाही. पण पहिली दोन वर्षं हाताने पाणी घाला असं माझं मत आहे. पाणी घालताना आपण झाडाजवळ थांबतो. पानाखाली पिठ्या ढेकूण बसला आहे, मुंग्या वर चढत आहेत, नवीन फुटवा लालसर आहे, हे सगळं त्याच वेळी दिसतं. नळीने पाणी दिलं तर झाड जगेल, पण तुमची त्याच्याशी ओळख व्हायची राहून जाईल, आणि तुम्हाला हवं आहे ते ओळखीतून येतं.

सुरुवातीला मी सिव्हिल लाइन्समध्ये एका वयस्क माळीबाबांच्या हाताखाली होतो. डिग्री घेऊन आलेला मी गेटातून शिरलो की कात्री काढायचो. ते कात्री काढून घ्यायचे. "पह्यले पाहाचं, मंग हात लावाचा." रोज बागेत पहिली एक फेरी रिकाम्या हाताने. काही तोडायचं नाही, उपटायचं नाही, नुसतं बघत जायचं, आणि परत आल्यावर त्यांना सांगायचं की काल नव्हतं असं आज काय दिसलं. पहिले कित्येक दिवस मला काहीच सांगता येत नसे आणि लाज वाटायची. मग हळूहळू दिसायला लागलं. कोळ्याने जाळं कुठे हलवलं, कोणत्या कळीचा रंग फुटला, बुलबुल चोचीत काड्या घेऊन कोणत्या कुंडीकडे जातो आहे. चोवीस कुंड्यांना ही फेरी पाच मिनिटांची आहे. फोन खाली ठेवून जा. मी सकाळी ज्या घरांत असतो तिथे फोन कानाला लावून बागेत येरझारा घालणारी चांगली, कष्टाळू माणसं बघतो. डोक्यावर बहावा पिवळाधमक लोंबत असतो आणि त्यांना तो दिसत नाही. मला त्यांच्यासाठी हळहळ वाटते, कारण त्या झाडाला पाणी घालायचे पैसे ते मला देतात.

आपण मराठीत शंकेचं समाधान असं म्हणतो. मनाला जे समाधान हवं असतं तो शब्द आणि प्रश्न सुटतो तेव्हाचा शब्द एकच आहे, आणि बागेत काम करताना मला त्याचा अर्थ रोज लागतो. लिंबाचं कोवळं पान पिवळं पडलं आणि शिरा मात्र हिरव्या राहिल्या. का? बोअरचं पाणी जड, मातीत चुना जास्त, मुळांना लोह मिळत नाही. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि अडीच ग्रॅम चुना, गाळून, संध्याकाळी पानांवर फवारा. दोन-तीन आठवड्यांनी नवीन पान हिरवंगार निघतं. एक लहानशी शंका होती, तिचं समाधान झालं. असं दिवसाला एखादं झालं तरी रात्री झोप चांगली लागते. तुम्ही समाधानाची एकदम मोठी वस्तू शोधत आहात असं तुमच्या पत्रातून मला वाटलं. मला ते कधीच एकदम मिळालेलं नाही. एका पिवळ्या पानाएवढं मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी नवीन पिवळं पान असतंच.

नोकरीबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, मला कंपनीतलं कळत नाही. पण दिवस संपला की काही केलं असं वाटत नाही, हे तुमचं वाक्य माझ्या मनात राहिलं. माझ्या कामात शेवटाची खूण असते. वाफा खुरपून झाला की खुरपं धुवायचं, फडक्याने पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा, खुंटीला लावायचं. त्यानंतर त्या बागेचा विचार बंद. धंतोलीत एक काका होते, बँकेतून निवृत्त झालेले. ते सांगायचे, दिवसाची कॅश जुळली की पेनाला टोपण लावून पेन खिशात, आणि मग बँक घरी आणायची नाही. त्यांच्या कामात रोज काहीतरी जुळायचं. तुमच्या कामात रोज जुळेल असं काय आहे, ते तुम्हीच शोधू शकाल. आणि कामाचंही माप लावून बघा. तुमच्या ऑफिसात वर्षातला नवतपा कोणता? तिमाहीचा शेवट असेल, ऑडिट असेल. त्या आठवड्यात जेवढं झेपतं तेवढ्यालाच एरवी होकार द्या. जानेवारीच्या मूडमध्ये दिलेले होकार मे महिन्यात झाडांसारखेच वाळतात, आणि तिथे तर माणसं गुंतलेली असतात. मला विचाराल तर हे कुंड्या कमी करण्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे. मला बावीसवरून अकरावर यायला एका मुलाचा जीव धोक्यात यावा लागला.

एक गोष्ट मध्येच पण नीट सांगतो. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आवडत्या गोष्टीतही दोन-दोन आठवडे काहीच वाटत नसेल, तर बाग हा त्यावरचा इलाज नाही. डॉक्टरांना भेटा. टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

बाकी एक वही करा. साधी, दोनशे पानी. रोज एक ओळ, जास्तीत जास्त दोन. "कढीपत्त्याला फूल." "मोगरा, पहिल्या तीन कळ्या." "पाणी चुकलं." चुकलेलंही लिहा. माझ्याकडे अशा वह्यांचा एक गठ्ठा आहे. मागच्या पावसाळ्यात एका घरचा लिंबू अचानक फळ गाळायला लागला, घरातले घाबरले. मी वही उघडली, तीन वर्षांपूर्वी त्याच आठवड्यात, त्याच झाडाची तीच नोंद होती, आणि चौथ्या ओळीत "गळ थांबली" असं लिहिलेलं. त्या घरच्या आजींना ती पानं वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, म्हणजे याची सवयच आहे ही, आणि आत जाऊन चहा ठेवला.

यंदासाठी एवढंच करा. या रविवारी झारी आणि घड्याळ घेऊन वर जा, वीस मिनिटांत खरंच किती कुंड्या होतात ते मोजा, माझ्या चोवीसवर विश्वास ठेवू नका. त्या संख्येच्या कुंड्या पश्चिमेच्या भिंतीपाशी एकत्र करा, जास्त तहानेच्या आत, सोशिक बाहेर. खाली विटा किंवा लाकडी पट्ट्या घाला, म्हणजे स्लॅबची आग थेट बुडाला लागणार नाही. मातीवर बोटभर जाडीचा पालापाचोळा पसरा. मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ सुरू झाली की रस्त्यावर पोत्यांनी मिळतो, लोक जाळतात, त्याआधी उचला. हिरवी जाळी पन्नास टक्क्यांची घ्या, डोक्यावर आठ फूट, आणि पश्चिमेच्या बाजूला पार खालपर्यंत सोडा, कारण दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन सगळ्यात जास्त मारतं. मृगाचा पाऊस लागला की ती काढून गुंडाळून ठेवायची. जाळी १५ मार्चच्या आत बांधून घ्या, त्यानंतर बांधणारी माणसं हाताला लागत नाहीत.